टेबल ७१, सेकंड सिटिंग (कॅरिबियनची बोट, तीस वर्षांनी)

जानेवारी १९९४ मध्ये आई, बाबा, ताई आणि मी असे चौघं मायामीहून 'नॉर्वे' नावाच्या बोटीने सात रात्रींच्या क्रूझला गेलो होतो. आता आई-बाबा दोघंही नाहीत. मध्यंतरी कपाट आवरताना ताईला बाबांची त्या ट्रिपमधली खिशातली डायरी सापडली, निळ्या कव्हरची, अर्धी कोरी, आणि तिने मला फोन करून एवढंच विचारलं, येतेस का परत? म्हणून जानेवारी २०२४ मध्ये आम्ही दोघी परत निघालो. रूट तोच, मायामी, दोन दिवस समुद्र, सेंट मार्टेन, सेंट थॉमस, एक दिवस समुद्र, बहामाजमधलं एक बेट, परत मायामी. बोट अर्थातच वेगळी.

दिवस पहिला, मायामी

आत जायला वीस मिनिटं पण लागली नाहीत. फोनवर क्यूआर कोड, कॅमेऱ्यात चेहरा, झालं. १९९४ ला तीन तास लाइनीत उभे होतो, हातात कागदांची जाडजूड फाइल, त्यामुळे हे आत्ताचं चांगलंच आहे, उगाच नावं ठेवणार नाही.

पण लाइफबोट ड्रिल. तेव्हा भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब असे आवाज झाले की सगळ्यांनी केबिनमधलं केशरी लाइफ जॅकेट घालून आपापल्या लाइफबोटीखाली डेकवर जाऊन रांगेत उभं राहायचं, आणि तिथे तुम्हाला पहिल्यांदा कळायचं की तुमच्यासोबत बोटीवर कोण कोण आहे, म्हातारी माणसं, लहान मुलं, नवीन लग्न झालेली जोडपी, सगळी त्या फुगीर जॅकेटमध्ये एकमेकांच्या पट्ट्या बांधून देतायत. बाबांची पट्टी ज्या बाईंनी नीट करून दिली त्या रात्री आमच्याच टेबलावर निघाल्या. आता फोनवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या स्टेशनवर जाऊन कार्ड दाखवून यायचं, दोन मिनिटांचं काम. एक सुधारणा मात्र फार महत्त्वाची. तेव्हा निघाल्यानंतर २४ तासांत कधीही ड्रिल घेतलं तरी चालायचं, २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' बुडाल्यापासून हे सगळं बोट हलायच्या आधी करायला लागतं.

निघताना गव्हर्नमेंट कट नावाच्या अरुंद वाटेतून बोट बाहेर पडते, डावीकडे साउथ बीचच्या टोकाला लोक हात हलवायला उभे असतात, ते अजून तस्संच आहे. 'नॉर्वे'चा भोंगा इतका खोल होता की तो कानाने नाही, छातीत ऐकू यायचा. आम्ही चौघं कठड्याशी उभे होतो, आजूबाजूला कठड्याला जागा नव्हती, आणि बंदरातून बोट बाहेर काढून देणाऱ्या पायलटची छोटी बोट जवळ येऊन पायलट शिडीवरून उतरून गेला तेव्हा सगळ्या डेकने टाळ्या वाजवल्या. यावेळी पायलट उतरताना बघायला खालच्या डेकवर आम्ही दोघी आणि एक पोरगा. बाकी सगळे वर पूलपाशी डीजेजवळ.

बाबांच्या डायरीत पहिल्या दिवशीचं एवढंच आहे: "टेबल ७१, सेकंड सिटिंग, साडेआठ. अजून चौघं आहेत. बरे वाटतात."

हे नव्याने जाणाऱ्यांना सांगायला पाहिजे. तेव्हा जेवणाच्या दोन वेळा असायच्या, फर्स्ट सिटिंग आणि सेकंड सिटिंग, आणि बोटीवर चढतानाच तुम्हाला टेबल नंबर मिळायचा, सातही रात्री तेच टेबल, तीच माणसं, तोच वेटर. आमच्या टेबलावर कॅनडाचं एक रिटायर्ड जोडपं आणि शिक्षिका असलेल्या मायलेकी. पहिल्या रात्री हवेबद्दल बोललो. सातव्या रात्री त्या आई असलेल्या बाई आणि आमची आई हात धरून रडल्या आणि त्यानंतर अकरा वर्षं त्यांची पत्रं येत होती.

यावेळी पहिल्या रात्री खाली गेलो तर मेसेज येईपर्यंत थांबा म्हणाले, मग दोघींचं टेबल मिळालं भिंतीकडे तोंड करून, वेटर चांगला होता पण त्याच्याकडे इतकी टेबलं की बिचारा पळतच होता. शेजारच्या टेबलावरचे चौघं फोनमध्ये. ताई काही बोलली नाही, पण केबिनमध्ये आल्यावर तिने डायरी काढली आणि उशीखाली ठेवली.

दिवस दुसरा, समुद्र

सकाळी सकाळी ताई सरळ डायनिंगच्या मॅनेजर बाईंकडे गेली आणि म्हणाली, आम्हाला रोज एकच टेबल पाहिजे, एकच वेळ, आणि दोघींचं नको, मोठं द्या, माणसं असलेलं. मला वाटलं नाही म्हणतील. त्या बाईंचा चेहरा एकदम उजळला, म्हणाल्या ही सोय अजून आहे, फार कमी लोक विचारतात. टेबल २१४, जिन्याजवळ, साडेआठ.

(हे कुणाला माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय. बऱ्याच बोटींवर जुन्या पद्धतीचं फिक्स जेवण अजून मिळतं, बुकिंग करतानाच मागून घ्या, बोटीवर गेल्यावर नशिबाचा भाग.)

'नॉर्वे'वर दुसऱ्या रात्री कॅप्टनची पार्टी आणि फॉर्मल नाइट. कॅप्टन दाराशी उभे राहून एकेका पॅसेंजरशी हात मिळवायचे आणि फोटोग्राफर फोटो काढायचा, दोन हजारांच्या आसपास माणसं, सगळ्यांशी. आणि मग विंडवर्ड डायनिंग रूम. ती आधी फ्रेंच बोटीची फर्स्ट क्लासची डायनिंग रूम होती, वर मोठा घुमट आणि मध्ये जिना, जिन्यावरून खाली उतरत जेवायला जायचं. म्हणजे सगळी खोली तुम्हाला बघतेय आणि तुम्ही सगळ्या खोलीला. आई पहिल्या पायरीवर क्षणभर थांबली, बाबांनी कोपर पुढे केलं, ते दोघं तसे उतरले. घरी त्यांना असं हातात हात घालून चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. ती पायरी मला सगळ्यात जास्त आठवते.

आता ड्रेस-अपची रात्र आहे पण ज्याला हवं त्याने, शॉर्ट्समधले पण खूप होते. माझं कपड्यांबद्दल काही म्हणणं नाही, सुट्टी आहे, मनासारखं राहावं. पण सगळे नटून येणार असतील तर आपण पण जरा वेगळे होऊन जातो, दुसऱ्याकडे बघतो, छान दिसताय म्हणतो. ते नटणं एकमेकांसाठी होतं.

टेबल २१४ वर आज आम्ही दोघी आणि एक पंचाहत्तरीचे विधुर गृहस्थ, आयर्लंडचे, आणि एक तरुण जोडपं जे चुकून आलं होतं.

दिवस तिसरा, समुद्र

आज पूर्ण दिवस बोट बघितली.

आधी 'नॉर्वे'बद्दल थोडं सांगते कारण तिच्याशिवाय हे कळणार नाही. ती मुळात 'फ्रान्स' नावाची अटलांटिक पार करून लोकांना पोचवणारी लायनर, फ्रान्समध्ये सॅं-नाझेरला बांधलेली, १९६२ ला पहिली सफर, ३१५ मीटर लांब, आणि २००४ मध्ये 'क्वीन मेरी २' येईपर्यंत इतकी लांब दुसरी पॅसेंजर बोट झाली नाही. विमानांनी लायनरचे पॅसेंजर पळवले, १९७४ मध्ये ती बंद झाली आणि काही वर्षं ल हाव्रला नुसती बांधून ठेवलेली होती. मग १९७९ मध्ये एका नॉर्वेजियन मालकाने घेतली, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या चार पंख्यांपैकी दोन काढून टाकले कारण कॅरिबियनमध्ये धावायची घाईच नाही, आणि १९८० पासून ती मायामीहून क्रूझ करायला लागली. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा तिचं वय ३२. केबिन एकसारखी एक नव्हती, आमची तर तिरकी होती, बोटीच्या अंगाप्रमाणे भिंत आत वळलेली, पितळेच्या कडीची गोल खिडकी, आणि रात्री दिवा बंद केला की लाकडाचा एक हलका करकर आवाज. स्टीमची बोट, इंजिनाची थरथर जवळपास नाहीच.

या बोटीत सगळं आहे. २ लाख टनांच्या वर, पाच हजारांहून जास्त पॅसेंजर, घसरगुंड्या, स्केटिंगचं बर्फाचं रिंक, झाडं लावलेली बाग. बाग खरंच सुंदर आहे, संध्याकाळी तिथे पक्ष्यांचे आवाज स्पीकरवर लावतात. पण मी बागेत बसले होते आणि अर्ध्या तासाने लक्षात आलं की मला समुद्र कुठून दिसत नाहीये. बऱ्याच केबिनच्या बाल्कन्या सुद्धा आत बागेकडे तोंड करून.

मला वाटतं बोटीवरची ओळखपाळख खरी गेली ती या बाल्कनीने. जुन्या बोटींवर बाल्कनी म्हणजे अगदी थोड्या लोकांची चैन. समुद्र बघायचा तर डेकवर यायलाच लागायचं, आणि डेकवर आलं की लाकडी खुर्चीवर शेजारी कोणीतरी असणारच, दुसऱ्या दिवशी पण तोच माणूस, तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याची खुर्ची धरून ठेवता. ऐंशी-नव्वदच्या दशकात बाल्कन्या वाढत गेल्या आणि आता बहुतेकांना स्वतःचा समुद्र असतो. आमची पण बाल्कनीच आहे, आणि सकाळची कॉफी तिथे घेताना मला फार बरं वाटतं हे पण खरं. पण बोटीला पूर्ण वेढा घालणारा जो एक डेक असायचा, ज्यावर लोक फेऱ्या मारायचे आणि समोरून येणारा प्रत्येक फेरीला हसायचा, तो इथे मध्येच तुटतो.

दुपारी बारा वाजता 'नॉर्वे'वर कॅप्टनची घोषणा व्हायची. अक्षांश, रेखांश, किती मैल आलो, वारा किती, खाली पाणी किती खोल. बाबा पावणेबारापासून पेन घेऊन तयार. डायरीत तिसऱ्या दिवशी: "पोर्तो रिकोच्या खंदकाजवळून. खाली ८००० मीटरहून जास्त पाणी. मोठीला सांगितलं, एव्हरेस्ट ठेवला तर थोडासाच वर राहील." ताई तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि तिने ते ऐकून घेतलं होतं जसं पोरं ऐकतात. आज बाराला आम्ही दोघी कठड्याशी गेलो, पाणी इतकं गडद निळं की शाई ओतल्यासारखं, त्यावर पिवळट शेवाळाच्या लांब रेघा आणि मधूनच पाण्याबाहेर उडणारे छोटे मासे, पन्नास फूट जाऊन परत आत. घोषणा झाली, पण ती दुपारच्या बिंगोची होती. कॅप्टन सकाळी एकदा बोलले होते. मग ताईने केबिनमधल्या टीव्हीवरच्या नकाशावरून आकडे उतरवले, बाबांच्याच डायरीत, कोऱ्या पानावर.

रात्री टेबलावर ते आयरिश आजोबा होते आणि तरुण जोडपं परत आलं. मुद्दाम आलो म्हणाले.

दिवस चौथा, सेंट मार्टेन

'नॉर्वे' इथे धक्क्याला लागायचीच नाही, तिला खोल पाणी लागायचं. त्यामुळे फिलिप्सबर्ग गावासमोर ग्रेट बे नावाच्या खाडीत नांगर टाकायची आणि तिच्या पुढच्या डेकवर ठेवलेल्या दोन मोठ्या होड्या, 'लिटल नॉर्वे १' आणि 'लिटल नॉर्वे २', क्रेनने पाण्यात सोडायची. तो सोहळाच असायचा, लोक कॅमेरे घेऊन उभे. एकेका होडीत शेकडो माणसं मावायची. आणि होडीत बसून किनाऱ्याकडे जाताना मागे वळून बघितलं की पूर्ण बोट दिसायची, गडद निळं अंग, दोन चिमण्या आणि चिमण्यांना पंखांसारखे फाटे, धूर डेकवर पडू नये म्हणून बाजूला नेणारे. आपली बोट लांबून बघायला मिळणं हे केवढं सुख होतं ते आता कळतं. आज धक्क्याला लागलो, शेजारी अजून चार बोटी, मी मान वर करून बघितलं तर आमची कुठली आणि दुसरी कुठली हे नाव वाचूनच कळलं.

गाव मला आवडलं. अर्धं बेट डच, अर्धं फ्रेंच, १६४८ च्या तहापासून, आणि मधल्या सीमेवर नुसता एक दगडी खांब. १९९५ च्या लुईस आणि २०१७ च्या अर्मा वादळाने इथलं प्रचंड नुकसान झालं होतं, तरी फ्रंट स्ट्रीट परत उभा आहे. समुद्राकाठी लांब फळ्यांची वाट केलीय, तिथे बसून राहिलो.

रात्री केबिनमध्ये उशीवर टॉवेलचा हत्ती. एवढं एक टिकलंय बाई.

दिवस पाचवा, सेंट थॉमस

शार्लट अमाली, इथलं मुख्य गाव. अमेरिकेने सेंट थॉमस आणि शेजारची बेटं १९१७ मध्ये डेन्मार्ककडून विकत घेतली, गाड्या अजून रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग पण डावीकडेच, त्यामुळे टॅक्सीत जीव मुठीत. जुन्या डॅनिश गोदामांची दुकानं झालीत, जाड दगडी भिंती, आत गार. फार वेळ काढला नाही, ताईचा गुडघा दुखत होता.

दिवस सहावा, समुद्र

ताईचा गुडघा, म्हणून आज चांगल्या गोष्टींबद्दल लिहिते. सगळीकडे लिफ्ट, रॅम्प, उंबरे नाहीत. 'नॉर्वे'वर पाणी अडवणारी दारं म्हणून प्रत्येक ठिकाणी उंच लोखंडी उंबरा, आज ती तिथे चाललीच नसती. शिवाय तेव्हा लाउंजमध्ये सिगरेटचा धूर कायम भरलेला, आई डोळे चोळत बाहेर यायची. आणि घरी फोन करायचा तर रेडिओ रूममधून, मिनिटाला इतके पैसे की आम्ही सात दिवसांत एकदाही केला नाही. आज ताईने व्हिडिओवर नातवाला उडणारे मासे दाखवले.

पण मिडनाइट बफे गेला त्याची हळहळ वाटतेच. रात्री बारा वाजता, जेवून तीन तास झाल्यावर, परत जेवण, कोणाला भूक नाही, तरी सगळे जायचे. खायच्या आधी अर्धा तास नुसतं बघायला आत सोडायचे. बर्फाचा हंस, माणसाच्या छातीएवढा, खालून निळा दिवा, आणि त्याच्या चोचीतून एकेक थेंब पडतोय. मी अगदी जवळ गेले होते, पंखांवर छिन्नीच्या रेघा दिसत होत्या, आणि मागे पांढरी टोपी घातलेला तो शेफ उभा होता, हात लाल झालेले, लोक फोटो काढत होते हंसाचे आणि तो हंसाकडेच बघत होता, वितळायच्या आत. माझ्याकडे ३६ फोटोंचा रोल होता आणि त्यातला एक मी त्या माणसाचा काढला. तो माझ्याकडे अजून आहे.

आणि बेक्ड अलास्काची मिरवणूक. शेवटच्या रात्रींपैकी एका रात्री डायनिंग रूमचे दिवे बंद, बँड सुरू, आणि सगळे वेटर रांगेने, हातात आइस्क्रीमचा केक, त्यावर पेटती ज्योत, टेबलांमधून फेरी घालतायत आणि आम्ही सगळे नॅपकिन डोक्यावर फिरवतोय. आमचा जमैकाचा वेटर टेबल ७१ पाशी मुद्दाम थांबला आणि आईपुढे वाकला. त्याला पहिल्या रात्रीनंतर कधी सांगायला लागलं नव्हतं की आईला जेवणानंतर लिंबू घातलेलं गरम पाणी लागतं.

आज रात्री टेबल २१४ वर सहाच्या सहा खुर्च्या भरल्या, कारण तरुण जोडप्याने पूलवर भेटलेल्या एका बाईंना आणलं. आयरिश आजोबा म्हणाले की ते आणि त्यांची बायको दरवर्षी याच महिन्यात यायचे, हे पहिलं वर्ष एकट्याने, आणि पहिल्या रात्री त्यांनी केबिनमध्येच सँडविच मागवलं होतं. सगळे गप्प झालो. मग त्या तरुण मुलीने विचारलं, त्यांना काय आवडायचं बोटीवर? आणि आजोबा दीड तास बोलले. डायनिंग रूम रिकामी झाली, आमचा इंडोनेशियाचा वेटर शेजारची टेबलं आवरत होता पण आम्हाला उठा म्हणाला नाही. जेवण संपल्यावर त्याने ताईपुढे काळी कॉफी ठेवली. ताईने मागितली नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पटकन मान खाली घातली.

दिवस सातवा, बहामाज

१९९४ ला 'ग्रेट स्टिरप के' नावाचं छोटं बेट. लिटल नॉर्वे होडी सरळ वाळूला नाक टेकवायची, पुढचं दार उघडायचं आणि आपण उतरून चालायला लागायचं. एक जुनं दीपगृह, नारळ, दोरीचे झोपाळे, कोंबडी भाजल्याचा वास, संपलं. बाबा दिवसभर झोपाळ्यात होते, डायरीत त्या दिवशी एक शब्द आहे, "निवांत".

यावेळचं बेट दुसरं, धक्का बांधलेला, वॉटर पार्क, मुलं खूष. आम्ही अगदी टोकाला जाऊन दोन खुर्च्या पकडल्या आणि संध्याकाळपर्यंत हललो नाही.

रात्री बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या, ते अजून तसंच. टिप मात्र आता रोज आपोआप कापली जाते. तेव्हा शेवटच्या रात्री केबिनमध्ये पांढरी पाकिटं मिळायची आणि ती हातात द्यायची, डोळ्यात बघून, बाबांनी तर दोन वाक्यांची चिठ्ठी पण घातली होती. ताईने रिसेप्शनवरून पाकीट मागून आणलं. चिठ्ठी मी लिहिली. वेटरने ते उघडलं नाही, दोन्ही हातांनी घेऊन खिशात ठेवलं, आणि म्हणाला की उद्या सकाळी मी तुम्हाला दिसणार नाही, दुपारी नवीन लोक चढतात, तयारी असते.

दिवस आठवा, मायामी

पहाटे पाचला धक्क्याला लागताना बोटीला बाजूला ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर झाली त्याने जाग आली. बाबांच्या डायरीत शेवटचं वाक्य: "६ ला उठलो. बोट थांबली आहे. हलत नाही म्हणून झोप मोडली."

'नॉर्वे' २००३ नंतर परत पॅसेंजर घेऊन गेलीच नाही. २००६ मध्ये ती गुजरातमध्ये, जुन्या बोटी तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर आणली आणि पुढच्या दोनेक वर्षांत तोडून झाली. मी तेव्हा बातमीतले फोटो बघितले होते, ओहोटीच्या चिखलात उभी, नाव बदललेलं, चिमण्या अजून तशाच. ताईला दाखवले नव्हते. आज ब्रेकफास्टला दाखवले. तिने फोन झूम करून खालच्या डेकवरच्या गोल खिडक्या मोजायला सुरुवात केली, आपली कुठली असेल म्हणून.

आमच्या ग्रुपचा नंबर लागायला वेळ होता. तिने डायरी काढली, बाबांच्या शेवटच्या ओळीच्या खाली तारीख घातली आणि लिहिलं: "टेबल २१४, जिन्याजवळ, साडेआठ. सहा जण होतो. कॉफी न मागता."